काळं ताट, तीन पट्ट्या आणि एक मेणचट रेणू

"सर, गंधकानं चांदी काळी पडते असं तुम्हीच म्हणता, आणि आता गंधकच लावायला सांगता?"

सांगलीच्या सराफ कट्ट्यावरच्या एका पेढीत शेठ मला विचारत होते. प्रश्न चोख होता. मी रसायनशास्त्र शिकवतो, पण वर्गात इतका नेमका प्रश्न वर्षातून एखादाच येतो. पुढचे तीन महिने आमच्या प्रयोगशाळेत जे चाललं ते याच प्रश्नाच्या मागं लागून, आणि मधे एका ताटानं आमची चांगली फजिती केली.

झालं होतं असं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं. शेठच्या दुकानात गाळ शिरला, गाळातली चांदी कोळशासारखी निघाली. ती कारागिरांनी घासून पूर्ववत केली, पण शेठनी धसका घेतला आणि गेल्या वर्षी चांदीचं सगळं दालन वरच्या मजल्यावर नेलं. नवी शोकेस, काचेची दारं, आत निळं मखमल. आणि या नव्याकोऱ्या शोकेसमध्ये ताटं, निरांजनं, करंडे तीन-चार आठवड्यांत काळवंडू लागले. खालच्या जुन्या लाकडी कपाटात इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेठचं निदान ठरलेलं होतं: पुराची ओल भिंतीत राहिली आहे.

मी ताट हातात घेऊन उजेडाकडे तिरकं धरलं. कडेला फिकट पिवळं, आत तपकिरी, आणि जिथं बैठकीला झाळ दिली होती त्या सांध्यापाशी जांभळट निळं. सिल्व्हर सल्फाइडचा थर जाड होत जातो तसे हे रंग बदलतात, रस्त्यावरच्या पाण्यात सांडलेल्या डिझेलवर दिसतात त्याच कारणानं. सांध्यापाशी तांबं मिसळलेलं असतं, म्हणून तिथं सुरुवात आधी. ओलीनं हे घडायला मदत होते, पण निव्वळ ओलीनं चांदी अशी काळी पडत नाही. गंधक कुठून तरी यायला हवं.

ते शोधणं सोपं निघालं. मखमलीखाली काळ्या रबराची पातळ शीट चिकटवलेली होती, भांडी घसरू नयेत म्हणून. कात्रीनं तिचा तुकडा कापला तर सायकलच्या दुकानातला वास आला. रबर कडक करायला त्यात गंधक घालतात, हे पाठ्यपुस्तकात आहे, पण सुतारानं पाठ्यपुस्तक कशाला वाचावं! खात्रीसाठी आम्ही ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये रूढ केलेली चाचणी केली. संशयित वस्तू, थोडा ओलावा आणि धातूच्या चकचकीत पट्ट्या एका बंद नळीत, ६० अंशांवर २८ दिवस. पट्ट्या तीन लागतात: चांदीची गंधकासाठी, शिशाची सेंद्रिय आम्लांसाठी, तांब्याची इतर बऱ्याच गोष्टींसाठी. आम्हाला फक्त चांदीची पुरणार होती. प्लायवूड, मखमल, डिंक आणि रबर, चार बरण्या ओव्हनमध्ये ठेवल्या. सहाव्या दिवशी रबराच्या बरणीतली पट्टी तपकिरी, बाकीच्या तिन्ही पांढऱ्या. अठ्ठावीस दिवस थांबायची गरज उरली नाही.

"म्हणजे सगळी शोकेस उकलायची?" शेठ म्हणाले. "दिवाळी होईपर्यंत ते नाही जमायचं, सर."

आता प्रश्न बदलला. शोकेस दिवाळीपर्यंत तशीच राहणार असेल तर मधले काही आठवडे चांदीला सांभाळायचं कसं? लॅकर मारता येतो, पण तो काही काळानं पिवळा पडतो आणि पापुद्रे निघतात, हे शेठना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून मी ऑक्टाडेकेनथायोलचं नाव काढलं आणि वरचा प्रश्न अंगावर घेतला.

हा रेणू म्हणजे अठरा कार्बनची शेपटी आणि तिच्या एका टोकाला गंधकाचं डोकं; असं डोकं असलेल्या रेणूंना थायोल म्हणतात. दिसायला पांढरा, मेणासारखा. तीसेक अंशांपाशी वितळतो, त्यामुळं आमच्याकडची बाटली जानेवारीत घट्ट असते आणि एप्रिलमध्ये आत पातळ तेल झालेलं असतं. अल्कोहोलमध्ये अगदी थोडा विरघळवायचा: १०० मिलिलिटरमध्ये २९ मिलिग्रॅम, चिमटीपेक्षाही कमी. इथेनॉलच्या परवान्याची भानगड नको म्हणून आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं. त्यात स्वच्छ धातू बुडवून रात्रभर ठेवायचा. गंधकाची डोकी धातूला जाऊन चिकटतात, शेपट्या बाहेरच्या बाजूला एकमेकींना खेटून उभ्या राहतात, आणि दोन-सव्वादोन नॅनोमीटर जाडीचा एकच थर तयार होतो. कुणी रांग लावत नाही, ती आपली आपण लागते. १९८३ मध्ये बेल लॅब्जमधल्या राल्फ नझो आणि डेव्हिड अलारा यांनी सोन्यावर गंधकवाल्या रेणूंचे असे थर दाखवले, तेव्हापासून या स्वयंजुळणीचा अभ्यास धडाक्यानं वाढला.

शेठना मी असं सांगितलं: काळं करणाऱ्या वायूतल्या गंधकाचे दोन्ही हात मोकळे होतात. तो एका बाजूनं चांदी धरतो, दुसऱ्या बाजूनं आणखी चांदी धरतो, थर वाढतच जातो. आपल्या रेणूतल्या गंधकाचा एक हात त्या लांब शेपटीनं कायमचा धरून ठेवलेला आहे. तो एकदा चांदीला चिकटला की संपलं, वर दुसरा थर चढत नाही. काट्यानं काटा. शेठनी मान हलवली, पटलं असं काही म्हणाले नाहीत.

एम.एस्सी.च्या दोन मुलींनी हे काम प्रकल्प म्हणून घेतलं. मी अट घातली की थेट ताटाला हात लावायचा नाही. आधी पट्ट्या, आणि त्याही एकाच धातूच्या नाहीत. शुद्ध चांदीची पट्टी विट्याकडच्या एका ओळखीच्या गलाईवाल्यांनी दिली. खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात, त्यांच्याकडून आलेल्या पट्टीच्या शुद्धतेबद्दल मला शंका घ्यायची नव्हती. तांब्याची पट्टी बाजारातून आणली. सोनं परवडणारं नव्हतं, म्हणून शेठच्या कारागिरानं एका पट्टीवर जाडसर मुलामा चढवून दिला.

चांदी स्वच्छ करायला ॲल्युमिनियमची फॉइल, खायचा सोडा आणि कढत पाणी. घमेल्यात फॉइल पसरून वर पट्टी ठेवली की काळेपणा डोळ्यांदेखत उतरतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, कारण गंधक चांदीला सोडून निघून जातो. घासण्यात चांदी झिजते, यात ती परत मिळते. तांब्याला आपली चिंच आणि मीठ. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा ऑक्साइड विरघळवतं, हे आपल्या आज्या रसायनशास्त्राचं नाव न घेता करत आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या बाहेर काढून अल्कोहोलनं धुतल्या आणि ड्रॉपरनं पाण्याचा एकेक थेंब सोडला. शेपट्या मेणासारख्या, पाण्याशी त्यांचं जमत नाही, म्हणून थर नीट बसला असेल तर थेंब पसरता कामा नये. चांदीवरचा थेंब अळूच्या पानावर बसावा तसा गोल. पट्टी जरा कलवली की घरंगळायचा. मुलामा दिलेल्या पट्टीवर तसाच. मोबाइल टेबलाच्या उंचीला ठेवून फोटो काढले, छापले, त्यावर शाळेतला कोनमापक ठेवला: दोन्हींवर थेंबाचा कोन, म्हणजे त्याची कड पट्टीला टेकते तिथला थेंबाच्या आतला कोन, शंभरच्या बराच पुढं. अशा शेपट्यांच्या नीट थरावर तो ११० ते ११५ अंश मिळतो, आमच्या कंपासपेटीच्या उपकरणानं त्याहून जास्त काही बोलू नये.

तांब्यानं मात्र दगा दिला. थेंब एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला पसरलेला, मधेच चिकटून बसलेला. मुलींनी द्रावण पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी वही मागवली. वेळा बघितल्या तर तिन्ही पट्ट्या शनिवारी दुपारी स्वच्छ केल्या होत्या आणि सोमवारी बुडवल्या होत्या. सोन्याला त्यानं काही होत नाही, हवेतली थोडी धूळ-चिकट बसते, ती थायोल बाजूला सारतो. चांदीलाही दीड दिवसात फारसं होत नाही. तांब्यावर तेवढ्यात ऑक्साइडची नवी साय धरते. आपण तिला तांबं म्हणतो, पण रेणूच्या दृष्टीनं तो तांब्याचा ऑक्साइड असतो. थायोल ती साय थोडीफार खातोही, पण त्या खटाटोपात रांग विस्कटते. पुढच्या वेळी चिंचेतून काढलेली पट्टी पाण्यानं आणि अल्कोहोलनं धुऊन ओली असतानाच द्रावणात टाकली. थेंब सरळ गोल बसला.

इथं थोडं थांबून जे फोटोत दिसत नाही ते सांगतो, कारण मला स्वतःला यात सगळ्यात जास्त मौज वाटते. १९९१ मध्ये पॉल लायबिनिस, जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच तुलना केली होती: तेच थायोल, तांबं, चांदी आणि सोनं. अवरक्त किरणांनी बघितलं तर सोन्यावरच्या शेपट्या उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंश कललेल्या, चांदी आणि तांब्यावरच्या मात्र जवळजवळ ताठ, १२ अंशांच्या आसपास. आता सोन्याच्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२८८ नॅनोमीटर आणि चांदीच्या ०.२८९. फरक नसल्यातच जमा. तरी रांग वेगळी का? कारण रेणूचं डोकं कुठं बसतं ते अणूंच्या अंतरावर जेवढं ठरतं तेवढंच धातू आणि गंधक यांच्यातल्या बंधावरही ठरतं. सोन्यावर गंधकाची डोकी एकमेकांपासून साधारण अर्धा नॅनोमीटर लांब बसतात. चांदीवर ती सरकून ०.४६ च्या आसपास येतात, आणि शेपटीला दाटीवाटीनं उभं राहायला लागते तीही जागा जवळपास तेवढीच.

वाळवा-मिरज पट्ट्यातल्या माणसाला हे उसावरून लगेच कळेल. लागण दाट असेल तर ऊस सरळ उभा राहतो, आडवा व्हायला जागाच नसते. सरी रुंद ठेवली तर तो शेजाऱ्याला टेकेपर्यंत कलतो. रेणूंच्या बाबतीत कलायला वारा लागत नाही, शेपट्यांना एकमेकींची ओढच तेवढी असते. पोकळी ठेवून ताठ उभं राहण्यापेक्षा कलून अंगाला अंग लावणं त्यांना स्वस्त पडतं.

वेळेचंही तसंच. डोकी पहिल्या काही मिनिटांतच जागा धरतात, नीट रांग लागायला पुढं तासन् तास जातात. स्वारगेटच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं आणि मग सामान लावून, मुलांना सरकवून नीट बसणं, यात जेवढा फरक तेवढा. म्हणून रात्रभर.

पट्ट्यांवर विश्वास बसल्यावर मुलींनी एक गावठी परीक्षा घेतली. दोन चांदीच्या पट्ट्या, एक थायोलमधली आणि एक साधी, बरणीत टांगल्या आणि खाली गंधकाच्या वायूसाठी उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून ठेवला. सकाळी साधी पट्टी जुन्या पितळेच्या रंगाची, दुसरी पांढरी. वासानं शिपाईमामा वैतागले, पण निकाल स्पष्ट होता. मग ताट.

ताट शेठच्या माणसानं आमच्या पद्धतीनंच फॉइल-सोड्यात स्वच्छ केलं, आम्ही प्रयोगशाळेत बुडवलं, धुतलं, कापडात गुंडाळून परत दिलं. कारखान्यात गॅसच्या ज्योती चालू असतात, तिथं अल्कोहोल उघडं ठेवायचं नव्हतं. ताट त्याच शोकेसमध्ये, त्याच रबरावर. दोन आठवड्यांनी शेठचा फोन आला. "सर, या आणि बघून जा."

ताटाचा मधला भाग लख्ख पांढरा. एका अंगाला मात्र चंद्रकोरीसारखा काळा पट्टा, कड इतकी नीट की कुणी ब्रशनं ओढावी. माझा पहिला अंदाज चुकला. मला वाटलं ताट द्रावणात तिरकं राहिलं असणार. पण मुलींनी बुडवताना फोटो काढले होते, ताट पूर्ण बुडालेलं होतं. मग मी कारागिराला विचारलं, स्वच्छ केल्यावर आणि आमच्याकडे पाठवायच्या आधी काही केलं का? तो जरा घुटमळला. "सोड्यातून काढल्यावर तेज कमी वाटलं सर, म्हणून एका बाजूनं बफ मारला. मग जेवणाची सुट्टी झाली."

बफिंगच्या चाकाला जो साबणासारखा दगड लावतात त्यात घासणाऱ्या पुडीबरोबर चरबी आणि स्टिअरिक आम्ल असतं. स्टिअरिक आम्ल म्हणजे आमच्या थायोलचा चुलतभाऊच: तीच लांब शेपटी, फक्त डोकं गंधकाऐवजी आम्लाचं. चंद्रकोरीच्या जागी या मंडळींनी आधीच पथारी पसरली होती. थायोलनं सावकाश त्यांना हुसकलं असतं, पण तिथं एकच थर नव्हता, डोळ्यांना न दिसणारं वंगणच साचलं होतं. अल्कोहोलच्या नुसत्या खळबळण्यानं ते निघालं नाही.

मी शेठना सांगितलं की चूक आमचीच, बुडवण्याआधी थेंबाची चाचणी करायला हवी होती. पण मनात दुसराच किडा वळवळायला लागला. हे आम्ल तिन्ही धातूंवर असंच बसतं का? मेणबत्तीचं सामान विकणाऱ्या दुकानातून स्टिअरिक आम्ल आणलं, कोमट अल्कोहोलमध्ये विरघळवलं आणि पुन्हा तीन पट्ट्या बुडवल्या.

तांब्यावर ते सगळ्यात जास्त रमलं. थेंब गोल, आणि पट्टी दोन दिवस ठेवल्यावर पृष्ठभागावर निळसर हिरवी छटा, म्हणजे ते नुसतं बसलं नव्हतं, तांब्याशी साबण बनवून मोकळं झालं होतं. चांदीवर ठीक: हवेत चांदीवर ऑक्साइडचा जो अगदी पातळ पदर असतो त्याला आम्लाचं डोकं धरतं. सोन्यावर? बाहेर काढल्यावर थेंब बऱ्यापैकी गोल होता आणि मुली खूश झाल्या. मग कोमट अल्कोहोलनं दोनदा धुतलं, थेंब पसरला. सोन्यावर ऑक्साइड नाही, त्यामुळं आम्लाला धरायला काही नाही. ते तिथं नुसतं पडून होतं.

आम्लाचं डोकं धातू बघून वागणं बदलतं हे त्याआधीही मोठ्या यंत्रांनी दिसलेलं आहे. गर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी १९८१ मध्ये झुरिकला स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप केला, १९८६ चं नोबेल त्यांना मिळालं, आणि त्या सुईनं एकेक रेणू बघता येऊ लागला. पॉलिएस्टरच्या कच्च्या मालातलं टेरेफ्थॅलिक आम्ल निर्वातात सोन्यावर सोडलं तर रेणू आपले हायड्रोजन सांभाळून हाताला हात लावत ओळी करतात. तेच रेणू तांब्यावर नेहमीच्या तापमानालाच हायड्रोजन टाकून देतात आणि त्यांची नक्षी वेगळीच पडते. रेणू तोच, खालचा धातू बदलला की त्याचं रसायनच बदललं. "पृष्ठभाग" या शब्दानं आपली गल्लत होते, जणू धातू म्हणजे रेणूंनी बसायची सतरंजी.

शेठना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग शास्त्रज्ञ सगळे प्रयोग सोन्यावरच का करतात? मी म्हणालो, सोनं हवेत गंजत नाही, ऑक्साइडची साय धरत नाही, त्यामुळं कोण कशाला चिकटलं ते नीट कळतं. "म्हणजे ज्याला कशाची गरज नाही त्यालाच सगळे कोट शिवतात," शेठ म्हणाले आणि गल्ल्याकडे वळले.

दुसऱ्या वेळी ताट साबणाच्या कोमट पाण्यात, मग ॲसिटोनमध्ये, मग फॉइल-सोड्यात, आणि बुडवण्याआधी चार ठिकाणी थेंब टाकून पाहिलं की पाणी सगळीकडे सारखं पसरतंय. मगच द्रावण. दिवाळीपर्यंत ताट पांढरं राहिलं. शेजारच्या न बुडवलेल्या ताम्हनाची कड तोवर तपकिरी झाली होती.

तरी शेठनी हा उपाय दुकानभर लावला नाही, आणि मला वाटतं ते बरोबर होतं. दर्शनी वस्तूंना ठीक आहे. पण जेवायच्या ताटाला, वाटीला तो लावू नका असं मीच सांगितलं. देवघरातली भांडी रोज चिंचेनं, राखेनं घासली जातात, तिथं दोन नॅनोमीटर काय टिकणार. समईच्या वातीजवळ तर उष्णतेनंच थर उडतो. शेठचा आक्षेप वेगळा होता: गिऱ्हाईकानं "काय लावलंय?" विचारलं तर काय सांगायचं? 'औषध' म्हटलं की माणूस उठून शेजारच्या पेढीत जातो.

दिवाळीनंतर सुतार आला, मखमल उचललं, रबर निघालं, जागी सुती कापड आणि खाली साधा फळा. चांदीचं काळवंडणं जुन्या कपाटाच्या वेगावर आलं. तांब्याची थायोलमधली पट्टी आमच्या टेबलावर काही आठवडे चकाकत राहिली, मग कोपऱ्यांपासून मंद होत गेली. मुलींचा अहवाल त्या पट्टीच्या फोटोवर संपतो. शेठनी मात्र एक पट्टी मागून घेतली, अर्धीच बुडवलेली, बलकाच्या बरणीतून काढलेली. काउंटरच्या खणात आहे. अर्धी पांढरी, अर्धी तपकिरी, मधली रेघ अजून सरळ.